एकोणनव्वद नंबरचं पाकीट

इक्रा : एकशे बावीस फ्लॉप्या, जनाताई, आणि कागद लागले फक्त एकसष्ट! चाचा म्हणालेत, सगळ्या फ्लॉप्यांना छापील पाकिटं झाली की हाजराचाचीची खुर्ची माझी. भरतकामाच्या डिझाइनच्या कॉम्प्युटरवर मी बसणार.

जना : बस की मग. भाभी गेल्यापासून दोन वरसं शेठनं त्या खुर्चीवरची धूळसुदीक पुसू दिली नाय कुणाला.

इक्रा : अशी नाही बसणार. चाचा स्वतः म्हणू देत. आणि तुमची डब्याची पिशवी काढा बघू तिच्यावरनं.

जना : भाभीनं दिलेली पिशवी भाभीच्या खुर्चीवर. तुला गं काय टोचतं त्यात?

इक्रा : चाचा बघतील ना.

जना : शेठ गेलेत लोधिवलीला, शुक्रवारी निकाह हाय त्या उझमाच्या ओढणीचं कापड आणायला. चार वाजतील. तू मला त्या शाळेच्या बिल्ल्याची फ्लॉपी दे. पंचावन्न शर्ट पडलेत, खिशावर बिल्ल्याविना.

इक्रा : ही घ्या, त्रेपन्न नंबर. बघा तरी, कसं दिसतंय! नंबर, नाव, आत काय काय आहे त्याची यादी. फ्लॉपी आत टाकली की प्रोग्राम वाचतो आणि पाकीट छापतो, घडी कुठं घालायची त्या रेघांसकट.

जना : पाकीट झ्याक हाय. आता आतलं बघू.

(जना फ्लॉपी भरतकामाच्या मशीनमधे टाकते. मशीन सुरू होतं. जरा वेळानं थांबतं.)

जना : इक्रा, इकडं ये गं.

इक्रा : धागा तुटला?

जना : धागा ठीक हाय. शाळेचा बिल्ला कसा असतो, गोल का लांब?

इक्रा : गोल. मधे दिवा.

जना : मग ह्या दिव्याला पिसारा कसा फुटला?

इक्रा : हा... हा मोर आहे.

जना : चवदा वरसं मशीनवर हाय मी. मोर वळखते.

इक्रा : मोर चोपन्न नंबरला आहे. थांबा, चोपन्न बघते. एक मिनिट... जनाताई, चोपन्नमधे बिल्ला निघाला.

जना : येकच जोडी उलटी झाली आसंल. घाबरतीस काय?

इक्रा : एक आणि दोन बघते. एकच्या पाकिटात... दोनची आहे. सात-आठ... त्याही. या अल्लाह! सगळ्याच.

जना : कशा छापल्यास ते दाव मला. हात कसे चालले ते दाव, तोंडानं नको.

इक्रा : प्रोग्राम एका कागदावर एक पाकीट छापतो. चाचा म्हणाले कागद जपून वापर, म्हणून मी दोन-दोन लावली. मग पहिली फ्लॉपी वाचली तरी कागद येत नाही. दुसरी वाचून झाली की दोन्ही पाकिटं एकदम येतात.

जना : पैल्या फ्लॉपीचं पाकीट वर, दुसरीचं खाली?

इक्रा : हो. कागद आला की कापायचा. वरचं पाकीट आधी सुटतं...

जना : आणि त्या वक्ताला हातात कुठली फ्लॉपी?

इक्रा : नुकतीच काढलेली. दुसरी.

जना : ती घातली वरच्यात. पैली टेबलावर पडलेली, ती खालच्यात. येकसष्ट वेळा. हात लय इमानदार हायेत तुझे. जाऊ दे, आपण बसून आदलाबदल करू. चारच्या आत होतंय.

इक्रा : नाही होत, जनाताई.

जना : का नाय होत?

इक्रा : सकाळी चाचा म्हणाले, नव्या फ्लॉप्या बाजारात मिळत नाहीत. ज्यांच्या पाकिटावर प्रोग्रामनं ‘रिकामी’ छापलंय त्या फॉरमॅट करून ठेव, नव्या कामाला होतील. मी केल्या.

जना : म्हंजी साफ पुसल्यास?

इक्रा : पूर्ण. चार फ्लॉप्या. पण त्या रिकाम्या नव्हत्याच ना! रिकाम्या होत्या त्यांच्या जोडीदारणी.

जना : तू आदी खाली बस.

इक्रा : कुठं बसू?

जना : ह्या बाकड्यावर. नंबर सांग.

इक्रा : अठरा, पंचेचाळीस, शेहेचाळीस आणि नव्वद.

जना : पंचेचाळीस-शेहेचाळीस येकमेकीच्या जोडीच्या. दोनीबी रिकाम्या, त्यांचं काय गेलं नाय. अठराची जोडी सतरा. सतरात काय हुतं?

इक्रा : रुमालाचा कोपरा.

जना : सात वरसांत कुणी मागितला नाय. जाऊ दे. आता नव्वदीची जोडी वाच.

इक्रा : तुम्ही वाचा.

जना : मला चष्म्याबिगर दिसत नाय. वाच गं.

इक्रा : एकोणनव्वद. हाजरा, ओढणीची वेल.

जना : भाभीची वेल? उझमाच्या ओढणीची?

इक्रा : तीच.

जना : त्या पाकिटातली फ्लॉपी टाकून बघ.

इक्रा : टाकली. काहीच नाही.

जना : भाभीच्या कॉम्प्युटरात आसंल की.

इक्रा : तो तर गेल्या वर्षी जळाला, हा नवा आणलेला. म्हणून तर फ्लॉप्यांची एवढी जपणूक. दुसरी कॉपीपण नाही, चाची एका डिझाइनला दोन फ्लॉप्या कधी वापरायची नाही. जनाताई, एकोणीस दिवस लागले होते तिला. सलाइन सुटलं की येऊन बसायची. उझमाला तिनं सांगितलं होतं, तुझ्या निकाहच्या ओढणीवर ही वेल पहिल्यांदा चढणार. आणि शुक्रवारी निकाह आहे! चाचा मला... जनाताई, तुमची पिशवी!

जना : पिशवीकडं बघू नको.

इक्रा : पण तिच्यावर तीच वेल आहे ना? चाचीनं आधी तुकड्यावर उठवून बघितली होती, तोच तुकडा...

जना : तोच हाय. टाकून दे म्हनाली, मी पिशवी शिवली. भाभीच्या हातचं माज्याकडं तेवढंच हाय. आदी शेठला सांग, पिशवीचं मग बघू.

इक्रा : बुरशी लागली असं सांगूया? फ्लॉप्यांना लागते ना बुरशी.

जना : सांग. शेठ आदी फ्लॉपीची पट्टी सरकवून बघंल, मग तुझ्या तोंडाकडं बघंल. पट्टीखाली बुरशी दिसली पायजे, तोंडावर खोटं नाय. जमंल?

इक्रा : स्कूटर आली. चाचा आले.

जना : बस हितंच, उठू नको.

खलील : काय जनाबाई, मशीन बंद? आणि ही आमची छापखानेवाली अशी का बसलीय? शाई संपली?

इक्रा : नाही चाचा.

खलील : हे बघ कापड. उझमाच्या आईनं चार वेळा हात धुऊन मग माझ्या हातात दिलं. वेलीची फ्लॉपी काढ. अरे वा, पाकीट काय सुंदर झालंय! ‘हाजरा’ किती स्पष्ट आलंय. जनाबाई, लावा मशीनला.

इक्रा : चाचा, नका लावू. आत काही नाही.

खलील : म्हणजे?

इक्रा : ती रिकामी आहे. वेल नव्वदच्या पाकिटात होती. मी पुसली. सकाळी, तुम्ही चहाला गेलात तेव्हा.

खलील : पुसताना आत काय आहे ते बघितलं नाहीस?

इक्रा : पाकिटावर ‘रिकामी’ छापलेलं होतं. मी पाकिटावर भरवसा ठेवला.

खलील : पाकिटं उलटी कशी झाली?

जना : दोन-दोन छापली म्हनून, शेठ. कागद वाचवायला.

खलील : कागद जपून वापर, असं मीच म्हणालो होतो.

इक्रा : चाचा, ओरडा ना माझ्यावर.

खलील : ओरडून काय येणार परत? थांब जरा... नव्वद दे ती. माझ्या हातात दे. काही करायचं नाही, नुसती धरतो.

जना : शेठ, ही पिशवी बघा.

खलील : बघितली. रोज बघतो. रोज खुर्चीवर ठेवता तुम्ही, मी काही बोलतो का?

इक्रा : हिचा फोटो काढते, चाचा. मग कॉम्प्युटरवर काढते पुन्हा. रात्रंदिवस बसते.

खलील : फोटोत वरचे टाके येतील. हाजरा आधी खाली आडवे टाके भरायची, मग त्यावर वेल चढवायची. ती पानं फुगलेली दिसतात ना, ते त्याच्यामुळं. खालचं किती, कुठून कुठे, ते उसवल्याशिवाय कळणार नाही. राहू दे. मी लोधिवलीला परत जातो, उझमाच्या आईला सांगतो.

जना : काय सांगाल?

खलील : सांगेन काहीतरी.

जना : भाभीनं त्या पोरीला शब्द दिला तवा मी हितंच मशीनला तेल घालत हुते. ‘जना, तू साक्षीदार,’ म्हनाली मला. आता मी डबा घेऊन पिशवी हलवत घरी जाऊ?

खलील : उसवली तर पिशवीत काही उरणार नाही, जना.

जना : डबा उरंल की.

खलील : ...इक्रा, बस.

इक्रा : बसलेयच ना, चाचा.

खलील : बाकड्यावर नाही. खुर्चीवर. टाके मोजायचे तर कॉम्प्युटरसमोर बसावं लागेल.

इक्रा : मला नको आता ती खुर्ची.

खलील : बस म्हणतो ना. आणि कागद घे. प्रत्येक पान वेगळ्या कागदावर काढ.

इक्रा : किती कागद घेऊ?

खलील : वाचवलेस तेवढे सगळे.

जना : कागद तुमचे वाचले, शेठ. खुर्ची हिची झाली. उझमाची ओढणीबी होईल. आता ते ब्लेड द्या हिकडं. पिशवी माजी हाय, मीच उसवते.