बोलून मोकळी

हॅलो?… हं… हं हं… अगं तोंडात टाचण्या आहेत, थांब… हं, काढल्या. बोल… दुकानातच आहे, आणखी कुठे असणार? सकाळच्या वेळी मी काय बागेत फुलं हुंगत फिरते?… धर जरा, गिऱ्हाईक आहे समोर.

…हो, घट्टच झालाय कोट. नाही हो, तुम्ही कुठे जाड झालात! कापड आटलंय. लोकर आहे ना, आटतेच ती. आत जादा कापडाची माया ठेवलीय भरपूर, दोन्ही बाजूंनी सोडते. संध्याकाळी या… हो, हो, या.

हं, गेली. बोल चिमे… कसलं खोटं बोलले?… अगं, इतकी वर्षं कपडे आल्टर करतेय, माझ्या दुकानात आजवर एकही बाई जाड झालेली नाही. कापडच आटतं. तो धंद्याचा नियम आहे… हसतेस काय?… हसत नाहीयेस? मग ही फुसफुस कसली?… अच्छा, श्वास घेतेयस! आधी लांब श्वास, मग छातीवर हात, मग ‘माझं सत्य असं आहे की…’ घे बाई, घे. मी तोवर बाही उसवते.

…हो, काल वाचन मंडळातून उठून आले. आणि पुस्तक टेबलावर आपटून आले. ठेवलं नाही, आपटलं. ग्रंथपालबाईंना सांग, फाटलं असेल तर शिवून देते… ‘आतलं बाहेर’! हे काय पुस्तकाचं नाव झालं? आतलं बाहेर आलं की आम्ही त्याला ओकारी म्हणतो… वाचलं ना! अख्खं वाचलं, म्हणून तर शिसारी आली. न वाचता शिव्या द्यायला मी काय समीक्षक आहे? आणि वर तो मुखपृष्ठावरचा गुळगुळीत माणूस. पांढरा शर्ट, छातीवर हात, आणि चेहरा असा की बऱ्याच दिवसांचं बद्धकोष्ठ आत्ताच सुटलंय… शी काय शी? ही माझी प्रामाणिक भावना आहे. तुमच्या गुरूने सांगितलंय, दाबायची नाही.

…कोण दुखावलं?… मंडळातली कॅशियरबाई? ती? अगं, तिने काय केलं माहीत आहे ना तुला? जावेला फोन करून सांगितलं, ‘माझं सत्य असं आहे की तुझा मुलगा मला आवडत नाही.’ सहावीतलं पोर गं! आणि मंडळात येऊन सांगते, मला पिसासारखं हलकं वाटलं. टाळ्या वाजल्या, चिमे. टाळ्या! तू पण वाजवल्यास, मी पाहिलं… आणि ते निवृत्त मास्तर? जिवलग मित्राला सांगून आले, तुझ्यापेक्षा तुझी बायकोच मला नेहमी जास्त आवडली. मित्राने दार लावून घेतलं. मास्तर म्हणतात, ‘तो अजून सत्यासाठी तयार नाही.’ तयार नाही म्हणे! दात असते तर चावला असता तो.

…हो, हो… ऐक ना… अगं ऐक… मला माहीत आहे मंडळाचे दोन तुकडे झालेत. खिडकीकडच्या खुर्च्यांवर तुम्ही भक्त, दाराकडे आम्ही नास्तिक, आणि मधे ग्रंथपालबाई, मान दोन्हीकडे फिरवतायत टेबलफॅनसारखी… माझ्यामुळे? मी एकटीने तुकडे केले? कात्री माझ्याकडे आहे म्हणून काय काहीही कापलं की माझ्या नावावर?

…कोण?… हो. ती दुकानाच्या वरच्या मजल्यावरची. तिचं मान्य… मान्य म्हणतेय ना! तिने नवऱ्याला तोंडावर सांगितलं, पुन्हा हात उचललास तर मी इथे राहणार नाही, आणि उचलला तशी बॅग घेऊन निघाली. तिच्यासाठी ते पुस्तक सोन्याचं आहे, मी कुठे नाही म्हणते? काल ती बोलत होती तेव्हा मी गप्प बसून ऐकलं, बघितलंस ना? पण चिमे, तिच्यात जे कुणी घातलं, त्याचं त्यालाच परत केलं तिने. तुमचं तसं नाही. तुमच्या पोटात कळ आली की समोर जो सापडेल त्याच्या दारात बसता. आणि वर म्हणता, बघा, किती मोकळं वाटलं! आपल्या भाषेत किती चांगला शब्द आहे, ‘बोलून मोकळा झाला’. नीट ऐक तो. मोकळं कोण झालं? बोलणारा. ऐकणाऱ्याचं पुढे काय झालं, हे भाषेलासुद्धा सांगायची लाज वाटली.

…हं… हं… मग? एवढं सगळं झाल्यावर मला फोन कशाला? माफी मागू कॅशियरची?… मग काय?… अगं बोल ना. तुला तर आता बोलायला यायला लागलंय… कोणाला?… अप्पांना काय?

…थांब. मशीन बंद करते.

हं, परत सांग… आज सकाळी? फोनवर?… काय सांगितलंस अप्पांना? शब्दन् शब्द सांग… ‘आई झोपेत नाही गेली’… हं… ‘शेवटपर्यंत अहो, अहो करत होती’… हं… ‘आणि तुम्ही नव्हतात’… हेसुद्धा? ‘तुम्ही नव्हतात’ हेसुद्धा म्हणालीस?… छातीवर हात ठेवून?

शी.

…नाही, दुसरा शब्द नाही माझ्याकडे. शी.

अगं, तो माणूस दाढी करायला गेला होता! आणि गेला कसला, तिनेच पिटाळला. ‘खुंट केवढे वाढलेत, पेशंट मी आहे की तुम्ही?’ हॉस्पिटलातून बळेच घरी धाडलं त्यांना. निरोप गेला तेव्हा आरशासमोर होते. तसेच धावत आले, एका गालाला साबण. विसरलीस तो साबण? कानामागे वाळून पांढरा झालेला? आपण दोघींनी हॉस्पिटलच्या जिन्यातच ठरवलं ना, झोपेतच गेली म्हणायचं. वर्ष व्हायचंय अजून. त्या एका वाक्यावर डोकं टेकून झोपतो तो माणूस. एवढीच एक उशी होती गं, ती पण ओढून घेतलीस?

…मला माहीत नाही? मी काय बहिरी आहे? खोलीत आपण दोघी होतो आणि ती सिस्टर, जिला आई दिवसभर ‘ए पोरी, ए पोरी’ करून भंडावून सोडायची. तिघींनी ऐकलं. आई दाराकडे बघत होती आणि ‘अहो’ म्हणत होती. माझ्या कानातून गेलंय असं वाटतं तुला? मशीन चालू असलं तरी ऐकू येतं मला. म्हणून काय मी ते अप्पांच्या कानात ओतायचं?… ओझं झालं होतं? मग उचल की! आईने नऊ महिने तुला उचललं, तिने कुठे पुस्तक वाचलं होतं?

…काय म्हणाले अप्पा?… ‘बरं’. ‘बरं’ म्हणाले आणि फोन ठेवला… आणि तुला वाटलं, किती छान स्वीकारलं त्यांनी!

…कपड्यात माया का ठेवतात, सांगितलं होतं तुला लहानपणी. शिवणीच्या आत, बाहेरून दिसत नाही अशी. कापून टाक, कपडा कसा साफ, सरळ दिसतो. आणि माणूस जरा वाकला की टर्रकन उसवतो… नाही, हे पुस्तकात नाही, शोधू नकोस… रडतेस?… रड. ऑफिसच्या जिन्यातूनच बोलतेयस ना, आवाज छान घुमतो.

…थांब. थांब गं… अप्पा येतायत… इथेच. काचेतून दिसतायत, रस्ता ओलांडतायत. हातात पिशवीबिशवी काही नाही… ठेवायचा नाही! फोन ठेवलास तर याद राख. कानाला धर आणि ऐक.

या अप्पा. बसा. स्टुलावर नको, त्याचा पाय लचकलाय. खुर्चीवर… काय, पँट? कुठली, ही अंगावरची? उभे राहा बघू… बापरे. पट्ट्याला हे भोक कोणी पाडलं?… खिळ्याने?… नाही हो, तुम्ही कुठे वाळलात! कापड सैल पडलंय. मिश्र कापड हे, धुऊन धुऊन पडतंच सैल. थांबा, अंगावरच टाचते म्हणजे अंदाज येईल… फोनवर ना? चिमी आहे. आपलं उगाच, तिचं नेहमीचं.

…काय?… कोण म्हणालं?… चिमी म्हणाली? तुम्ही पण अप्पा, चिमीचं काय घेऊन बसलात! तिची काय अवस्था होती तेव्हा, नुसती रडत होती. तिला काय ऐकू येणार… ‘अहो’?… हं. ‘अहो’… म्हणाली ना. म्हणाली होती की! सिस्टरला. ‘अहो सिस्टर, पाणी द्या.’ घसा कोरडा पडला होता तिचा. सिस्टरने दिलं दोन चमचे, मग डोळा लागला. आणि झोपेतच… हो, झोपेतच. पाय माझ्या हातात होता तिचा, अप्पा, मला कळणार नाही?… अगं बाई, टोचली का? थांबा, रक्त तर नाही ना?… ‘अहो’ काय जगात एकट्या तुम्हालाच म्हणतात? दिवसभर गिऱ्हाईकं मला ‘अहो, अहो’ करतात, मी काय सगळ्यांची… हां, हसलात! आता सरळ उभे राहा.

चिमे, ऐकलंस ना? आई ‘अहो सिस्टर’ म्हणत होती. तू अर्धंच ऐकलंस. बरोबर?… बरोबर ना, चिमे?… हो म्हण… मोठ्याने म्हण.

अप्पा, तिला तुमच्याशी बोलायचंय. घ्या. असा नाही, उलटा धरलाय… हां. मी आतून टेप आणते, खडू पण संपलाय. बोला तुम्ही.

हॅलो?… हो, मीच. अप्पा… हं… हं… रडतेस कशाला?… हो, ताईने सांगितलं आत्ता. पाणी मागत होती म्हणे सिस्टरकडे… हं… नाही, तू नको बोलूस. मला बोलू दे. ती आत गेलीय, येईल लगेच.

त्या सिस्टरला तुझी आई ‘ए पोरी’ म्हणायची… हो ना? मी रोज तिथे खुर्चीत बसलेला असायचो. त्या मुलीला तिने कधी अहो-जाहो केलं नाही… हं. तेच… ताई घाईत विसरली.

…रागावलोय. मग? सकाळी तर फोन भिंतीवर मारावासा वाटला. अजून आहे राग, राहील थोडे दिवस. तुझ्या पुस्तकात त्याला काय म्हणतात ते मला सांगू नकोस… माफी नको गं, माफी काय करू मी घेऊन?… ऐक. ती मला हाक मारत होती, हे आता माझं आहे. त्याचं मी बघतो.

पण ताईला यातलं काही सांगायचं नाही. मला पटलं, असंच तिला वाटू दे… का म्हणजे? ती, जगाला तोंडावर फाडणारी, माझ्यापुढे गुडघ्यावर बसून खोटं बोलली. कधी चुकत नाही तिचा हात, आज टाचणी मलाच टोचली… हो, अजून चुरचुरतंय.

जमेल तुला?… श्वास घेऊ नकोस, सांग… आणि छातीवर हात नको. तोंडावर ठेव… आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. ताई भांडली, वाट्टेल ते बोलली, तरी नाही. एवढं एक तुझ्या पोटात राहू दे, चिमे.

…आली. आली ती. ठेवतो.

काही नाही गं ताई, चिमीला सांगत होतो… कापड सैल झालंय म्हणून. धुऊन धुऊन… हे बंद कुठून करायचं? लाल?