त्रिकोणाशिवाय बारा मैल

हॅलो? …हॅलो, मेनो? तूच ना? …अरे, ओरडू नकोस! तुरुंगच काय, अख्खं केंटकी ऐकेल.

…हो, शेजारच्या व्हर्नाच्या स्वयंपाकघरातून. आपल्या लोकांच्या घरात फोन कुठला? ती बिचारी फोन माझ्या हातात देऊन कोंबड्यांकडे गेली. …जेवलास का? …डब्यातले बीन्स? रोज?

…आपली फॅनी बरी आहे. गुरुवारी तिचं लग्न आणि नवरीचा बाप कोठडीत. त्यात जेवढी बरी असायची तेवढी. लग्नाच्या जेवणाच्या सेलरीच्या जुड्या धुतेय, दोनशे पाहुण्यांच्या.

…नाही रे, नाही लावला तो त्रिकोण! खरंच सांगते. शपथ कशी घेऊ, आपल्या आमिश पंथात शपथ चालत नाही. बग्गीच्या मागे कंदीलच आहे, नेहमीचा. …हो, हो… हळू गाडीची खूण म्हणून तो भडक नारिंगी पत्रा मिरवायचा, तर आपला साधेपणा कुठे ठेवायचा? तेवढ्यासाठी तुला आत टाकणाऱ्या न्यायाधीशाला कळेल तेव्हा!

…अं? …हो. लिहिलं पत्र. राष्ट्राध्यक्षांना. तुला कोणी सांगितलं? …जेलरने? …वर्तमानपत्रात आलंय? अरे देवा!

…भांडले नाही रे. ऐक ना! नुसतं विचारलं. धर्म पाळायची मुभा राज्यघटनेने दिली, ती राज्याचा कायदा काढून घेतोय, मग राखायची कोणी? बायबलवर हात ठेवून तुम्हीच ना शपथ घेतलीत? आम्ही शपथ न घेता शब्द पाळतो, तुम्ही घेऊन तरी पाळा…

…हो, अस्संच लिहिलं. हसतोस काय? बिशपही आधी हसले, मग रागावले.

…आलं ना उत्तर! चांगला जाड कागद. म्हणणं विचार करण्याजोगं आहे, पण रस्ते राज्याचे, गव्हर्नरांना लिहा. …लिहिलं की. ते म्हणतात, घटनेचं वॉशिंग्टनला विचारा. …सह्या मात्र दोघांच्या सुरेख.

…ते राहू दे. बुधवारी दुपारी सोडतायत ना? …नक्की? मग मी बग्गी घेऊन… …हं. फाटकातच पुन्हा धरतील. …आणि मोटारीत तू बसणार नाहीस, ठाऊक आहे मला. व्हर्ना तिची मोटार काढते म्हणाली, तिला तसंच सांगितलं.

…चालत? बारा मैल? …अरे, तेव्हा तू वीस वर्षांचा होतास! रविवारी मला भेटायला चालत यायचास, पायांना फोड आणि तोंडभर हसू…

…तेही खरंच. माणसाच्या पाठीवर त्रिकोण लावा, असा कायदा अजून झालेला नाही. …बरं. मग मी समोरून येते, पुलापर्यंत. …का नाही? सहा मैल तुझे, सहा माझे. ॲपल पाय आणते भाजून. बीन्स नाहीत. आणि मेनो, ऐक…

हॅलो? …मेनो? …हॅलो?

व्हर्ना! अगं व्हर्ना, हे मुकं झालं. कुठे ठेवायचं? …नाही गं, रडत कुठे? मला जुने बूट शोधायचेत.