मोठे बाबा शेततळ्यात पडले तेव्हा

हसू नका, पण मला पोहता येतं हेच त्या दिवशी माझ्या अंगाशी आलं.

आमच्या शेततळ्याला प्लास्टिक अंथरलेलं आहे. आत पडलेला माणूस वर येताना घसरतच राहतो, म्हणून मी काठाला गाठी मारलेला दोर बांधला होता. मोठ्या बाबांनी, म्हणजे माझ्या थोरल्या काकांनी, तो सोडून टाकला.

"शेतात दोर लटकलेला दिसला तं लोक काय समजतील, पोरी?"

गावोगावी शेतकरी गळफास घेत होते त्या वर्षांत लोक तेच समजायचे, हे खरं. तरी मी भांडले.

पुढे बीटी कपाशीवरही अळी पडली आणि फवारणीचं पाणी काढताना मोठे बाबाच घसरले. शेतात आम्ही दोघंच.

"उडी मार ना वं! कॉलेजात पोहायले शिकली ना?"

"नाही मारत! तुम्ही मले मिठी मारसान, मग दोघंही बुडू!"

रानडुकरं येऊ नयेत म्हणून कपाशीभोवती बांधलेल्या जुन्या साड्या मी ओढून काढल्या, गाठी मारून जोडल्या, एक टोक कुंपणाच्या खांबाला बांधलं आणि काठावर पालथी पडून दुसरं फेकलं.

"साडी काऊन फेकून राह्यली?"

"धरा मुकाट्यानं!"

मी वरून ओढत राहिले आणि ती धरून ते वर आले.

संध्याकाळी ओसरीवर गाव जमलं. कोणीतरी विचारलं, "पोहता येते तरी पोरगी काठावरच होती म्हणे?"

"हाव," मोठे बाबा म्हणाले. "मनगटात जोर होता म्हणून निघालो."

मी आत साडी ओढून सोललेल्या तळहातांनी चहा गाळत होते. तेवढ्यात मोठ्या बाबांनी मला नावानं हाक मारली. वाटलं, आता सांगतील.

"साखर कमी पडली वं!"