हिचा अकरा मिनिटांचा तास

...नाही, पण मला सांगा, चाळीस मिनिटांचा तास अकरा मिनिटांत संपतोच कसा? पण आमच्या हिने संपवला! त्रेचाळिसाव्या वर्षी शिक्षिका व्हायचं घेतलं डोक्यात, आणि सराव कुणावर? माझ्यावर! मी शिंपी माणूस, पाव-पाऊण मीटरमध्ये हयात गेली, तरी महिनाभर रोज संध्याकाळी अपूर्णांक! हिचं पाठाचं नियोजन किती, तर नऊ पानं. 'इथे मुले हसतील' हेसुद्धा लिहिलेलं!

झालं! परीक्षेचा पाठ. मागच्या बाकावर परीक्षक बाई वही उघडून बसलेल्या. त्यांना बघून ही अशी सुटली, अशी सुटली, की अकराव्या मिनिटाला नऊ पानं खलास! एकही पोर हसलं नाही. आता? तुम्हाला सांगतो, नियोजनात हे नव्हतं!

तेवढ्यात दोन वेण्यांची एक चिमुरडी उठली. "बाई, एक छेद चारपेक्षा एक छेद आठ मोठं ना? आठ मोठे असतात!" सगळा वर्ग, "आठ! आठ!" परीक्षक बाईंचं पेन थांबलेलं... आणि हिने काय करावं? हातातलं नियोजनच टराटरा फाडलं! एका पानाचे चार तुकडे, दुसऱ्याचे आठ. "घ्या, वाटून! आता बोला!" चिमुरडी आपला तुकडा बघते नि शेजारणीचा बघते. "अय्या! आठवाल्याला तर कमीच मिळालं की!" मग काय, सगळ्यांनाच तुकडे हवे! घंटा झाली तरी पोरं हलेनात.

परीक्षक बाई पुढे आल्या. "पाठ सुंदर. नियोजन द्या, सही करते. सहीशिवाय गुण नाहीत हं."

नियोजन? ते पोरांच्या खिशांत! तुम्हाला सांगतो, नियोजनात हे तर मुळीच नव्हतं! ही बाकाबाकाशी हात पसरत फिरली. सगळे तुकडे आले, एक सोडून. चिमुरडी मूठच उघडेना. "माझा आहे!" आणि हिला, पास-नापास टांगणीला लागलेलं असताना, तो काढून घेववेना हो! "असू दे तुला," म्हणाली. डोळ्यांत पाणी.

तुकडे जोडले कुणी? मीच! दोन दिवस दुकान बंद, चिकटपट्टी चालू. तिसऱ्या दिवशी परीक्षक बाईंनी भोक पडलेल्या पानावर सही केली, खाली शेरा: 'उरलेला भाग विद्यार्थिनीपर्यंत पोचला.'

पास झाली! तो शेरा चौकटीत घालून लावलाय माझ्या दुकानात, आरशाशेजारी. गिऱ्हाईक वाचतं नि विचारतं, "मास्तर, तुम्ही शिकवताही?"

छे हो... मी नावाचा मास्तर. पुढच्या आठवड्यापासून मला भूमिती आहे.