वर जाणारा बाण

(मिनेसोटातलं एक गाव. वाचनालयात शनिवारी मांडलेलं दुरुस्तीचं टेबल.)

मार्लीस : नाही रे अर्लन, गेल्या शनिवारी तू दुरुस्त केलेली कीबोर्डवरची अक्षरं झकास उमटतात. पण वर जाणाऱ्या बाणाची कळ मेली.

अर्लन : मेली नाही, मार्लीस. मीच तिचा जीव काढून घेतला. तुमच्या त्या पेटीएवढ्या जुन्या संगणकाचे स्विच आता मिळतात कुठे? मग कमी लागणाऱ्या कळीचा चांगला स्विच काढायचा आणि जास्त लागणाऱ्या कळीखाली बसवायचा. आम्ही सगळे हेच करतो.

मार्लीस : आणि मला विचारायचं नाही?

अर्लन : चुकलं. मला वाटलं, ऑर्विल नुसतं रोजचं टिपण लिहितात. मागे कशाला जातील?

मार्लीस : मागे जायलाच तर लिहितो, बाबा! डोक्यात काही टिकत नाही माझ्या नवऱ्याच्या. नव्या संगणकाला हात लावत नाही, या खोक्यावर मात्र बोटं आपोआप चालतात. रोज सकाळी वर वर जाऊन आधीचं सगळं वाचतो, मग कॉफी पितो.

अर्लन : म्हणजे आठवडाभर वाचलंच नाही.

मार्लीस : वेंडेल मार्चमध्ये गेला. त्याचा सख्खा भाऊ. ते ऑर्विलनं स्वतः लिहून ठेवलंय. मला कधी सांगावं लागलं नाही.

अर्लन : अरे देवा. आणि आता?

मार्लीस : आता विचारतो, वेंडेल मासे धरायला कधी येणार? मी म्हटलं, येईल शनिवारी. धडधडीत खोटं. पण घरभर शिट्टी वाजवत फिरतोय रे. वर्षभरात इतका खूश पाहिला नव्हता त्याला.

अर्लन : वरच्या रांगेतल्या एखाद्या कळीचा स्विच काढतो. वीस मिनिटांचं काम. की... राहू दे?

मार्लीस : मला विचारतोस?

अर्लन : नाहीतर कुणाला विचारू?

मार्लीस : मलाही वाटलं, राहू दे. रात्रभर तेच वाटत होतं. पण वेंडेलच्या ओळीखाली त्यानं लिहिलंय, 'हे रोज वाचायचं. मार्लीसला सांगायला लावायचं नाही.' तेव्हा बसव बाबा.

अर्लन : आणा मग. खोकं गाडीत आहे ना?

मार्लीस : घरी आहे. सोमवारी आणते. आज त्यानं होडी धुऊन ठेवलीय, दोघांपुरती सँडविचं बांधलीत. वेंडेलच्या वाटणीचं मी खाईन.