भिंतीकडे फिरवलेली खुर्ची

सन्माननीय अध्यक्ष महोदय, आज नाइलाजाने सगळ्यांकडे तोंड करून बसलेले आमचे निवृत्त होणारे साहेब, इतकी वर्षं त्यांना रेडिओसोबत वाटून घेणाऱ्या वहिनी, आणि माझ्या बातमी विभागातल्या सहकाऱ्यांनो,

साहेबांचे गुण अध्यक्षांनी सांगून टाकले, माझ्यासाठी फारसं काही शिल्लक ठेवलं नाही. म्हणून मी त्यांच्या खुर्चीबद्दल बोलते.

नव्या मंडळींसाठी सांगते. वृत्तनिवेदकाची चाचणी घेताना साहेब खुर्ची भिंतीकडे फिरवून बसतात. "ऐकणाऱ्याला तुमचं तोंड दिसणार आहे का? मग मला कशाला बघायचंय?" मी आले तेव्हा ताईने माझ्या कपड्यांना अशी कडक इस्त्री केली होती की ती मोडेल म्हणून मी बाहेर उभीच होते. आत गेले, तर साहेबांनी चक्क पाठ फिरवली! म्हटलं, झालं, आपला निकाल लागला.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. वडिलांची नजर गेल्यावर ती त्यांना रोज पेपर वाचून दाखवायची. शेजारचे काका आमच्या खिडकीखाली उगाच रेंगाळायचे. विचारलं तर म्हणायचे, "बातम्या ऐकतोय हो." घरी स्वतःचा पेपर येत असताना! तुम्ही रोज ऐकता तो माझा आवाज बरा आहे, पण तिचा आवाज म्हणजे आवाज होता.

तुमची जाहिरात आम्ही दोघींनी एकत्रच वाचली. अर्ज स्वतः आणून दिला तर चाचणी तिथल्या तिथे. नाहीतर रेकॉर्डिंग जोडून ईमेलने पाठवायचा. मी म्हटलं, "ताई, दोघी जाऊ."

"तू जा. मी ईमेल करते."

कारण मला ठाऊक होतं. लहानपणी उकळतं पाणी अंगावर सांडून तिचा अर्धा चेहरा भाजला होता. नवं माणूस समोर आलं की ती मान वळवायची. मी आग्रह केला नाही. कोणत्या तोंडाने करणार होते?

जागा एकच होती. प्रत्यक्ष आलेल्यांच्या चाचण्या आधी झाल्या, त्यातच ती भरली गेली, आणि ईमेलने आलेले अर्ज उघडायची वेळच आली नाही. साहेब, यात तुमची काही चूक नाही. रीतच तशी होती.

घरी येऊन मी हातवारे करत खुर्चीची गंमत सांगत होते. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले.

"म्हणजे ते बघतच नाहीत?"

"नाही गं."

"अगं, मग मी आले असते की."

एवढंच म्हणाली. मग उठून तिने माझ्यासाठी चहा टाकला. पुढे आपल्याकडे जागा निघालीच नाही. ती मात्र रोज सकाळी माझ्या बातम्या ऐकायची आणि घरी गेल्यावर माझे उच्चार सुधारायची. तुम्ही ज्या उच्चारांचं कौतुक करता ना, साहेब, ते तिचे आहेत. गेल्या वर्षी ताई गेली. तेव्हा मी तुमच्याकडे रजा मागितली, कारण सांगितलं, पण ही गोष्ट माझ्या तोंडून बाहेर पडली नाही. आज नाही सांगितली तर तुम्ही तरी कुठे भेटणार?

वहिनी, डोळे पुसू नका, मग मलाही बोलणं जमणार नाही.

अध्यक्षांनी वेळेकडे काणाडोळा केला, त्यांचे आभार. तुम्ही शांतपणे ऐकलंत, तुमचेही आभार. आनंदाच्या समारंभात मी घरचं दुःख काढून बसले, ते मोठ्या मनाने पोटात घाला.

जाता जाता एकच मागणं. ताईने अर्जासोबत पाठवलेलं रेकॉर्डिंग माझ्या फोनमध्ये आहे. लहानसंच आहे, हवामानाचं वृत्त वाचलंय तिने. एक चाचणी तुमच्याकडून राहिली आहे, साहेब.

जरा खुर्ची फिरवता?