दुसरं माप

(ओहायोतल्या डब्लिनपासून तासाभरावर, रानाच्या कडेला एक शूटिंग क्लब. दुपार.)

आजी : शपथ! तुझी शपथ, तुझ्या बापाची शपथ, टेकडीच्या गणपतीची शपथ! शब्द न् शब्द खरा आहे. इला, त्या बंदुकीच्या नळीत तू दारू दोनदा ओतली आहेस. चाप ओढू नकोस!

इला : आजी, डोन्ट शाउट! मी नेम धरतेय.

रवींद्र : आई, खाली बस बरं. तुझ्या नातीचा शेवटचा शॉट आहे.

आजी : शेवटचाच होईल, रवींद्र. पोरीचा चेहरा जागेवर राहायचा नाही.

इला : बाबा, तिला सांगा ना. सकाळी धनुष्याच्या राउंडमध्ये मी पहिली आहे. हा एक लागला की स्टेट टीम. दोन मिनिटं उरलीत फक्त.

आजी : मग त्या झेंडेवाल्या बाईला बोलाव. ती बघेल.

इला : ऑफिसरला बोलावलं की शॉट गेला! ते बार बाहेर काढतात आणि परत भरू देत नाहीत. रूल आहे.

रवींद्र : ऐकलंस? वर्षभर धनुष्यासाठी हिकरीचं लाकूड तासत होती ती. गॅरेजमध्ये नुसता भुसा, आणि माझी गाडी बाहेर बर्फात. आणि तू आता ऐन वेळेला...

आजी : मी या डोळ्यांनी पाहिलं, बाप्पा! एकदा मी आत्याची गोष्ट सुरू केली तेव्हा ओतलीस. मग माझ्या आत्यानं ठासणीच्या बंदुकीत छर्रे नव्हते म्हणून ज्वारी ठासली, बार उडवला, आणि अस्वलाच्या अंगावर लाह्या पडल्या...

इला : लाह्या! सीरियसली, आजी?

आजी : अशीच हसलीस! हसलीस आणि परत माप उचललंस.

रवींद्र : आई, मागच्या आठवड्यात बेसमेंटमध्ये अजगर आहे म्हणालीस. फायर ब्रिगेड आली. काय होतं?

आजी : बागेचा पाइप होता. पण हलत होता.

रवींद्र : आणि शेजारच्या मालिनीताईंना सांगितलंस की मला व्हाइट हाउसमधून फोन येतो.

आजी : ते तुझ्या भल्यासाठी. हे वेगळं आहे रे!

इला : ओके, वन सेकंद. माप कसलं होतं?

आजी : पितळी. कालच चिंच लावून घासलं मी.

इला : दुसऱ्यांदा ओतलं तेव्हा माझी हॅट कुठे होती?

आजी : डोक्यावर. लाल हॅट.

रवींद्र : आई, हॅट माझ्या हातात आहे. राउंड सुरू झाल्यापासून.

इला : देअर यू गो. थँक्स, बाबा. मी मारतेय.

आजी : इला!

इला : मी एकदाच ओतली. आय थिंक.

रवींद्र : थांब. आय थिंक म्हणजे?

इला : म्हणजे... एकदाच ओततात ना, बाबा. नेहमी एकदाच ओतते मी.

रवींद्र : नेहमीचं नको सांगूस, आत्ताचं सांग. आठवतंय का?

इला : पहिलं आठवतंय. मग ती आत्या आली, अस्वल आलं... मग डायरेक्ट गोळी ठासल्याचं आठवतंय. मधलं नाही.

रवींद्र : अगं, त्या ठासायच्या गजावर खूण असते ना? कुठवर आत गेला की बार बरोबर आहे ते कळायला?

इला : ती जुन्या गजावर. तो सकाळी मोडला. हा मी धनुष्याच्या उरलेल्या लाकडाचा केलाय, यावर खूण करायची राहिली. बाबा, मिनिट पण नाही उरलं. डबल असलं तरी काही होणार नाही.

रवींद्र : जुनी नळी आहे ती. तूच म्हणाली होतीस की फुटू शकते.

इला : शकते! फुटेलच असं नाही! आणि कोण सांगतंय? आजी सांगतेय! हॅटसुद्धा धड नाही सांगता आली तिला!

आजी : बरं. मग मी चालले.

रवींद्र : कुठे? आई, तिकडे नाही! त्या पिवळ्या दोरीपुढे जायचं नसतं, सगळी रेंज बंद करतात!

आजी : करू देत. मी त्या लक्ष्यापाशी जाऊन उभी राहते. मग मार म्हणावं.

रवींद्र : आई! थांब, ओढू नकोस... अगं, किती जोर आहे तुला! इला, ही आवरत नाहीये मला!

इला : ओके! ओके! आजी, स्टॉप! हे बघ, ठिणगीची कॅप काढली. घोडा खाली घेतला. आता बार उडत नाही. बाबा, तिला मागे घ्या.

रवींद्र : घेतलं. बस इथे. श्वास घे.

आजी : मला नको सांगूस. तिला सांग, गज घाल आत.

इला : घालतेय ना. आधीच्या शॉट्सना हा पूर्ण आत गेला की टोकाचं पितळ तेवढं बाहेर राहत होतं, बस. तेवढंच राहिलं तर मी लगेच कॅप लावून मारणार. प्रॉमिस करा, कोणी एक शब्द बोलायचा नाही.

आजी : नाही बोलत. घाल.

रवींद्र : गेला का पूर्ण?

इला : हो. टेकला.

रवींद्र : मग? इला? पितळच दिसतंय ना?

इला : पितळ दिसतंय. आणि त्याखाली दोन बोटं लाकूड दिसतंय.

रवींद्र : अरे देवा. ठेव ती बंदूक. खाली ठेव आधी.

इला : ऑफिसर! ओव्हर हिअर! लेन फोर, डबल चार्ज! येस, कॅप इज ऑफ!

रवींद्र : ये, बस आजीजवळ.

इला : गेला शॉट.

आजी : जाऊ दे. डोळे शाबूत आहेत. पुढच्या वर्षी मार.

इला : माझा गाल असा लाकडाला टेकवलेला होता, आजी. असा.

आजी : ठाऊक आहे, बाळा. पाणी पी.

रवींद्र : आई, सॉरी. मी उगाच तो पाइपचा विषय काढला. पण मला एक कळलं नाही. दोनदा ओतलेलं तुला दिसलं, आणि हॅट दिसली नाही?

आजी : तेवढं एक बनवलं होतं रे.

इला : काय, हॅट?

आजी : पाहिलं म्हटलं, ते. मला इथून तू म्हणजे नुसता एक उभा डाग दिसतेस. लाल हॅट सकाळी हाताला लागली होती, म्हणून म्हटलं डोक्यावर असेल.

रवींद्र : मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ना? फोनवर तूच सांगितलंस, झालं, छान झालं!

आजी : तुम्ही माझं विमानाचं तिकीट काढायला थांबला होतात ना, म्हणून सांगितलं.

इला : मग दोनदा ओतलं ते कसं कळलं तुला?

आजी : ऐकून. कानावरची ती झाकणं मी काढून ठेवली होती. तू हसतेस की नाही ते कळायला नको? मोहरी डब्यात ओतावी तशी सरसर झाली. लाह्यांपाशी परत झाली.

रवींद्र : मग ऐकलं असंच सांगायचं ना!

आजी : पाहिलं म्हटलं तरी तुम्ही ऐकेनात. ऐकलं म्हटल्यावर काय ऐकणार होतात?

इला : वेट. सकाळी माझा बाण मधोमध लागला, तेव्हा सगळ्यात आधी टाळ्या तू वाजवल्यास. तो कसा दिसला?

आजी : नाही दिसला. चुकला की तुझा बाप खोकतो. तो खोकला नाही.